वळण जुळत नाही

गाडी चालू होत नाही म्हणून गॅरेजवर येणारा माणूस पहिलं वाक्य हमखास खोटं बोलतो. "मी काहीच केलं नाही हो, कालपर्यंत झकास होती." मग अर्ध्या तासाने कळतं, की काल मेव्हण्याने बॉनेट उघडून आतून पाइपने पाणी मारलं होतं. मला राग येतो, पण मी दाखवत नाही. म्हणजे थोडा दाखवते.

मी सुवर्णा निकम. विट्यात कराड रस्त्याला माझं गॅरेज आहे. आमच्या गावची निम्मी माणसं सोनं-चांदी गाळायला देशभर पांगली. माझ्या वाट्याला फक्त नाव सोन्याचं आलं, हात कायम काळे. धंदा आयटीआयमध्ये शिकले, पण बिघाड शोधायला शिकले ते वडिलांकडून. तात्या, म्हणजे सर्जेराव निकम, विटा-स्वारगेट एसटीवर एकतीस वर्षं ड्रायव्हर होते. त्यांना पाना नीट धरता यायचा नाही, पण मेकॅनिकने काय विचारायला हवं हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. तीन प्रश्न. शेवटची नीट कधी चालली? त्यानंतर कुणी हात लावला? आणि तिसरा: चालू करताना तू काय काय करतोस ते पहिल्यापासून मला करून दाखव.

"तिसरा इसरायचा न्हाई," तात्या सांगायचे. "पहिल्या दोनात माणूस थापा मारतो. करून दाखवताना त्याला थापा मारता येत न्हाईत."

हे प्रश्न मी शेकडो गिऱ्हाइकांना विचारले. एका माणसाला तिसरा विचारायचा राहिला.

नोव्हेंबरातल्या एका सोमवारी सकाळी सातला तात्यांचा फोन आला. "सुवर्णे, गाडी चालू होत न्हाई. आन आज मास्तरला न्यायचाय."

एसटीत कंडक्टरला मास्तर म्हणतात. तात्यांचे मास्तर म्हणजे दस्तगीर आत्तार, माझे दस्तगीरचाचा. दोघे बावीस वर्षं एकाच गाडीवर होते. निवृत्तीनंतर चाचांच्या दोन्ही किडन्या गेल्या. दर सोमवारी आणि गुरुवारी कराडला डायलिसिस. चाळीस किलोमीटर एसटीने हेलपाटे मारायची त्यांच्यात ताकद राहिली नव्हती, म्हणून चार वर्षांपूर्वी तात्यांनी ही इलेक्ट्रिक गाडी घेतली. चाचा कधीच पुढे बसत नसत. "कंडक्टरची जागा मागं," म्हणायचे. मागच्या सीटवर बसून आपल्या जुन्या तिकिटाच्या पंचने खिडकीच्या काचेवर दोन ठोके द्यायचे, डबल बेल. त्याशिवाय तात्या गाडी हलवत नसत. दोन म्हातारे आणि पुढची एक रिकामी सीट, असं ते वरातीसारखं ध्यान आठवड्यातून दोनदा माझ्या गॅरेजवरून जायचं आणि हॉर्न द्यायचं.

आई गेल्यापासून तात्या घरी एकटेच असत. मी गॅरेजच्या माडीवर राहते, घर दोन गल्ल्या पलीकडे. मी पोचले तेव्हा ते दारातल्या गाडीकडे कमरेवर हात ठेवून बघत उभे होते. आत पडद्यावर तीन शब्द होते. वळण जुळत नाही.

"हे बघ," तात्या म्हणाले. "कराडला दोनदा अलाइनमेंट करून आलो. तरी ह्येच म्हणतीय. त्या दुकानातल्या पोरांना काय बी कळत न्हाई."

"दोनदा? कधीपासून होतंय हे?"

"दसऱ्यापासनं. पाच-सहा वेळा झालं. जरा दम धरला की होती चालू. आज न्हाई झाली."

मला हसू आवरेना. "तात्या, चाकाचं वळण नव्हं ते. तुमचं वळण."

"माझ्या वळणाला काय धाड भरलीय? आईबापानं चांगलं लावलंय."

तर हे वळण काय प्रकरण आहे ते सांगायला हवं. दहा-बारा वर्षांपूर्वी पिऊन गाडी हाकणाऱ्यांना आवर घालायला नियम आला, की नव्या प्रत्येक गाडीने आपला चालक ओळखला पाहिजे. तेव्हापासून स्टिअरिंगच्या कड्यात दाब मोजणारे अडीचशे बारीक ठिपके असतात. आणखी काही सीटखाली, ब्रेकच्या पेडलमध्ये आणि दारात. दार उघडल्यापासून चालू करायचं बटण दाबेपर्यंत माणूस पन्नास-साठ लहानसहान हालचाली करतो. आधी पट्टा की आधी आरसा, हात कुठे टेकतो, मध्ये किती वेळ जातो, काच वाजली की काय करतो. मेंदूचा जो भाग आपल्याला न विचारता कामं उरकतो, त्याची ही कामं, त्यामुळे आपल्याला त्यांचा पत्ताही नसतो. पण ज्याचं त्याचं ठरलेलं असतं, अक्षराच्या वळणासारखं. गाडी ते शिकते आणि रोज ताडून बघते. गाडीबरोबरच्या मराठी पुस्तिकेत कुणा भल्या माणसाने त्याला 'वळण' असा शब्द योजला. दारू पोटात गेली की वळण बिघडतं, चोर बसला की वळणच वेगळं. दोन्ही वेळा गाडी जागची हलत नाही.

पुढे संशोधकांना या नोंदींमध्ये आणखी एक गोष्ट दिसली. ज्यांना म्हातारपणी विसरण्याचा आजार होतो, त्यांच्या हालचालींचा हा क्रम नावं-गावं विसरायच्या कितीतरी आधी उसवायला लागतो. डॉक्टरच्या तपासणीत ते सापडत नाही, कारण तपासणीत माणूस सावध असतो. स्वतःच्या गाडीत कोण सावध असतो? पण माणसाचा आजार गाडीने बोलून दाखवावा का, यावरून मोठी कोर्टकचेरी झाली आणि दाखवू नये असं ठरलं. योग्यच ठरलं. म्हणून गाडीला कळतं सगळं, बोलायची परवानगी तीन शब्दांची. बाकीचं पुस्तिकेच्या दोनशे बाराव्या पानावर बारीक टायपात असतं: वळण वारंवार न जुळल्यास वैद्यकीय सल्ला घ्यावा.

दोनशे बारावं पान कोण वाचतं? मी वाचलं नव्हतं. त्या सकाळी मला फक्त दारू आणि चोर माहीत होते, आणि तात्यांनी जन्मात घोट घेतला नव्हता.

मी छोटी बॅटरी तपासली, फ्यूज बघितले, वायरी हलवून पाहिल्या. सगळं ठीक. मी सीटवर बसले तर गाडी पहिल्या झटक्यात चालू, कारण माझं वळण तिच्यात नोंदलेलं होतं. तात्या बसले की बंद. मग टॅबलेट जोडून नोंदी काढल्या. गाडी सात वेळा अडली होती. सातही वेळा सकाळी, घराच्या दारात. कराडच्या हॉस्पिटलमधून परत निघताना एकदाही नाही.

मेकॅनिकला असा धागा मिळाला की तो खूश होतो. इथे बंद पडते, तिथे पडत नाही, तर इथे आणि तिथे फरक काय? इथे गाडी उघड्यावर, नोव्हेंबरचं दव. तिथे तळघरातलं पार्किंग, कोरडं. कड्यातले ठिपके ओलावा धरतायत! मी स्टिअरिंग पुसून, वाळवून घेतलं, त्याला कव्हर चढवलं. मग मेकॅनिकसाठीचा पर्याय उघडला: वळण नव्याने लावणे. त्याने गाडी जुनं वळण बाजूला ठेवते आणि यापुढे चालक जे करेल तेच बरोबर धरते. माझं आणि माझ्या नवऱ्याचं जुळेना तेव्हा असं एखादं बटण कुणी दिलं असतं तर कोर्टात जायची वेळ आली नसती.

पडद्यावर प्रश्न आला. 'चालकाची प्रकृती प्रत्यक्ष पाहिली आहे का? हो / नाही.'

तात्या माझ्या मागेच उभे होते. मी मान वर न करता 'हो' दाबलं.

जानेवारीत पुन्हा तेच. कव्हर जागेवर, दव नाही. मी गाडी बनवणाऱ्या कंपनीला चार शिव्या दिल्या, पुन्हा नव्याने वळण लावलं, पुन्हा 'हो'. गाडी बनवणाऱ्यांना शिव्या देणं सोपं असतं, ते ऐकायला नसतात.

खरं सांगायचं तर मला दिसत नव्हतं असं नाही. फेब्रुवारीत एकदा तात्या गॅरेज ओलांडून पुढे गेले, मग वळून आले आणि म्हणाले, "बोर्ड बदललास व्हय?" बोर्ड सात वर्षं तोच होता. जेवताना खंबाटकी घाटातला ब्रेक फेल झाल्याचा किस्सा त्यांनी आमटी वाढण्याआधी सांगितला आणि आमटी वाढल्यावर पुन्हा सांगितला. मी दोन्ही वेळा हसले. म्हातारी माणसं सांगतातच, असं म्हटलं.

मार्चमधल्या एका गुरुवारी गाडी तिसऱ्यांदा अडली. या वेळी मी घाई केली नाही. तात्यांना ओसरीवर चहा दिला आणि टॅबलेटवर नोंदीची बारीक रेघ उघडली, सेकंदासेकंदाची. शेजारी त्यांचं चार वर्षांपूर्वीचं पहिलं वळण उघडलं. ते गाडी कधीच पुसत नाही.

तात्या गाडीत बसले, पट्टा-आरसा झाला, की स्टिअरिंगला उजवा हात लावतात आणि तो कपाळाला नेतात. नमस्कार. एकतीस वर्षं रोज, पन्नास माणसांच्या जीवाची जबाबदारी घेण्याआधी त्यांनी तो केला होता. गाडीला नमस्कार कळत नाही. तिच्या लेखी हात टेकला, दीड सेकंद उचलला, मग ब्रेकवर पाय आला. पहिल्या वळणात तेवढंच होतं. हात, दीड सेकंद, ब्रेक. चार वर्षं सगळ्या रेघा तशाच होत्या.

ऑक्टोबरपासून हात दोनदा टेकत होता. जानेवारीत तीनदा. आजच्या सकाळच्या रेघेवर पाच वेळा, आणि त्यानंतर चाळीस सेकंद दोन्ही हात चाकावर, बाकी काहीच नाही.

नमस्कार केला हे विसरून ते पुन्हा नमस्कार करत होते. आणि मग पुढे काय करायचं असतं ते शोधत बसत होते.

मी गाडीतली पुस्तिका काढली आणि दोनशे बारावं पान वाचलं. गाडी पाच महिने मला सांगत होती आणि मी पाच महिने तिचं तोंड दाबत होते.

"झालं का गं?" तात्या दाराशी आले. धुतलेला पांढरा सदरा, हातात पाण्याची बाटली. "मास्तर वाट बघत आसंल. त्याचा टाइम चुकवून चालत न्हाई."

मला फक्त म्हणायचं होतं, तात्या, बसा आणि पहिल्यापासून मला करून दाखवा. त्यांनीच शिकवलेला प्रश्न. पण तो विचारला असता तर आम्हा दोघांनाही एकाच वेळी दिसलं असतं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर ते उमटताना बघायची माझी छाती झाली नाही.

"आज मी येते चालवायला," मी म्हटलं.

ते हसले. "आन मी कुठं बसू? मागं? एका गाडीत दोन कंडक्टर व्हय?"

फक्त आजचा दिवस, मी मनाशी म्हटलं. उद्या डॉक्टर. तिसऱ्यांदा नव्याने वळण लावायला घेतलं, पडद्यावर तोच प्रश्न आला. प्रकृती पाहिली आहे का? पाहिली होती. चांगलीच पाहिली होती. मी 'हो' दाबलं आणि गाडी चालू झाली.

अकराच्या सुमाराला अनोळखी नंबरवरून फोन आला. सातारा एसटी स्टँडच्या नियंत्रण कक्षातून कुणी बाई बोलत होत्या.

"सर्जेराव निकम तुमचे कोण? ते इथे फलाट चारला कार लावून उभे आहेत. गाडीची नोंद करा म्हणतायत."

मी पोचायला दीड तास लागला. कार फलाटाला सरळ, एसटी लावतात तशी लावलेली होती. तात्या नियंत्रण कक्षाच्या खिडकीपाशी खुर्चीवर बसले होते, समोर संपलेला चहा. त्या बाईंनी त्यांच्या समाधानासाठी एका जुन्या रजिस्टरच्या मागच्या पानावर खरोखरच नोंद केली होती: विटा-स्वारगेट, आगमन वेळेवर. मला दाखवताना त्यांचे डोळे भरले होते. त्यांचं नावही मी विचारलं नाही, याची मला अजून खंत वाटते.

चाचा मागच्या सीटवर होते. डायलिसिसच्या दिवशी सकाळी त्यांना गुंगी असायची, विट्यातून निघाले की ते झोपायचे आणि कराडला तात्या उठवायचे. या वेळी जाग आली ती साताऱ्यात. चेहरा सुजला होता, पाय चपलेत मावत नव्हते.

"वरडू नगंस त्याच्यावर," ते म्हणाले. एवढंच.

मी ओरडले नाही. तात्यांना मागे चाचांच्या शेजारी बसवलं आणि गाडी कराडला काढली. चाचांची वेळ टळून गेली होती. सगळी मशीन भरलेली, उद्या सकाळी या म्हणाले. सकाळ व्हायच्या आत चाचांच्या फुफ्फुसांत पाणी भरलं.

तिसऱ्या दिवशी हॉस्पिटलात त्यांना थोडं बोलता येत होतं. त्यांची बायको, शहनाजचाची, बाहेर गेली तेव्हा मी त्यांच्या उशाशी जाऊन बसले आणि सगळं सांगितलं. तीन वेळा दाबलेलं 'हो'सुद्धा. त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं झोपले.

"मला म्हाईत हुतं," ते म्हणाले.

"काय?"

"सर्जा नमस्कार करून तिथंच अडकतो ते. कराडात परत निघताना दोन-तीनदा हात परत उचलाया लागलेला बघितला. पयल्या नमस्काराला लगेच घंटी दिली की त्याला आठवतंय, आता निघायचं. मग मी देत गेलो. एक नमस्कार झाला की खट खट."

इथे बंद पडते, तिथे पडत नाही. फरक दवाचा नव्हता. घरून निघताना तात्या एकटे असायचे, चाचांना ते नंतर त्यांच्या गल्लीतून घ्यायचे. कराडहून निघताना मागे चाचा असायचे.

"मला का नाही सांगितलंत, चाचा?"

"गाडी काढून घेतली आसती तर दोन महिन्यांत आथरूण धरलं आसतं त्यानं." त्यांना धाप लागली, थांबले. "आन खोटं कशाला बोलू? मला कोण नेणार हुतं, पोरी?"

मी नेलं असतं. सोमवारी आणि गुरुवारी गॅरेज बंद ठेवून नेलं असतं. मी ते बोलले नाही, कारण गेल्या चार वर्षांत मी एकदाही तसं म्हटलं नव्हतं.

अकराव्या दिवशी दस्तगीरचाचा गेले. डॉक्टर म्हणाले, हृदय आधीच कमजोर होतं, एक वेळ चुकल्याने असं होत नाही. डॉक्टरांचं खरं असेल. मला ते पुरत नाही. कब्रस्तानात तात्यांनी सगळ्यांबरोबर माती दिली, हात झटकले, आणि घरी येताना मला विचारलं, "मास्तरची ड्यूटी बदलली काय गं?"

"हो," मी म्हटलं. या शब्दाची मला आता सवय झाली होती.

पुण्याच्या मेंदूच्या डॉक्टर तरुण होत्या, मायाळू होत्या. त्यांनी तात्यांशी एसटीच्या गप्पा मारत मारत तपासणी केली, मग त्यांना बाहेर बसवून मला सांगितलं. आता एक औषध निघालंय, महिन्याला एक इंजेक्शन. गेलेलं परत आणत नाही, पण आजार असेल तिथे कित्येक वर्षं रोखून धरतं. मात्र अगदी पहिल्या पायरीवर सुरू करावं लागतं. त्यानंतर उपयोग नाही, उलट मेंदूत रक्तस्राव व्हायची भीती.

"हे बहुतेक पाच-सहा महिन्यांपूर्वी त्या पायरीवर असतील," त्या म्हणाल्या. "नोव्हेंबरात वगैरे काहीच लक्षण दिसलं नाही का?"

"गाडी चालू होत नव्हती," मी म्हटलं.

त्यांना ते कळलं नाही. मी तिथेच रडले.

पुढचं भराभर झालं. मे महिन्यात तात्या घराची वाट चुकले, जूनमध्ये मी त्यांना माडीवर माझ्याजवळ आणलं. दिवसभर ते गॅरेजच्या अंगणात शांत बसत. फक्त सकाळी साडेसहाला उठून सदरा चढवत आणि बेचैन होत. "फलाटाला लागली का गाडी? आज लय उशीर केला बघ." समजूत घातली तर हात झिडकारत. एकदा चालत थेट बायपासपर्यंत गेले.

त्या वर्षीच्या ईदला शहनाजचाचीने नेहमीसारखा शीरखुर्म्याचा डबा पाठवला. दर वर्षीचाच स्टीलचा डबा. मला वाटलं होतं या वर्षी येणार नाही. डब्याच्या वर रुमालात बांधलेला चाचांचा तिकिटाचा पंच होता. निरोप काही नव्हता. मी चाचीला तोंड दाखवायला अजून गेलेले नाही, पण डबा घासून त्यात साखर भरून परत पाठवला.

त्या पंचामुळे मला सुचलं. दुसऱ्या दिवशी मी तात्यांची गाडी लिफ्टवर घेतली, चारही चाकं जमिनीपासून वीतभर वर. आत चढायला एक लाकडी पायरी ठेवली. मग टॅबलेट जोडून मी लावलेली तिन्ही वळणं काढून टाकली आणि गाडीला त्यांचं पहिलं वळण परत दिलं. चांगल्या दिवसांतलं, घरून निघतानाचं आणि कराडहून निघतानाचं, दोन्ही.

'चालकाची प्रकृती प्रत्यक्ष पाहिली आहे का?'

मी टॅबलेट खाली ठेवला. अंगणात खुर्चीवर बसलेल्या तात्यांकडे मी नीट, वेळ घेऊन बघितलं. बोटं मांडीवर काहीतरी चाचपत होती. गळ्याचं वरचं बटण खालच्या काजात होतं. दाढी मी केली होती, ती एका गालावर राहिली होती. मग मी 'हो' दाबलं. चौथ्यांदा दाबत होते, पण त्यांच्याकडे बघून पहिल्यांदाच.

"तात्या, गाडी लागलीय."

ते लगबगीने आले. पायरी चढले, पट्टा लावला, आरसा बोटाने किंचित डावीकडे ढकलला. मी मागच्या सीटवर बसले होते. त्यांनी स्टिअरिंगला हात लावला आणि कपाळाला नेला. हात परत चाकावर आला आणि तिथेच थांबला. बोटं पुन्हा उचलायला लागली.

मी पंचने काचेवर दोन ठोके दिले. खट खट.

पाय ब्रेकवर आला, अंगठा बटणावर. पडद्यावर अक्षरं उमटली. वळण जुळलं.

कित्येक महिन्यांत त्यांचं काही जुळलं नव्हतं. मी तोंडावर हात दाबून धरला. खाली चाकं हवेत हलकेच फिरायला लागली.

"मास्तर, सगळी बसली का?" त्यांनी आरशात न बघता विचारलं.

"बसली."

"कडेगावात दोन मिनिटं. त्या ताकवाल्या म्हातारीला घ्यायचीय." आवाज खणखणीत होता, माझ्या लहानपणीचा. समोर माझ्या गॅरेजची भिंत होती, टायर अडकवलेली, आणि ते त्या भिंतीत कराडचा पूल बघत होते. उंब्रजला त्यांनी वेग कमी केला. नागठाण्याला कुणाला तरी हात केला. साताऱ्यात गाडी फलाटाला लावावी तशी लावली, नोंद करायला उतरावं म्हणून हात दाराकडे गेला, पण विसरून परत चाकावर आला. शिरवळ गेलं, कात्रज उतरला. मग ते आरशात बघायला लागले. बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. त्या नजरेत ओळख नव्हती. राग नव्हता, भीती नव्हती, नुसती चौकशी होती, जी त्यांनी हजारो प्रवाशांची केली असेल.

"बाई, स्वारगेट गेलं की. तुम्हास्नी उतरायचं कुठं?"

माझ्या तोंडात येईल ते मी बोलले. "डेपोत."

ते हसले, अगदी समजुतीने. "डेपोत न्हाई नेता येत कुणाला. डेपोत गाडी रिकामीच जाती. अलीकडं कुठं उतरायचं ते सांगा, मी थांबवतो."

पंच माझ्या हातात होता. एक ठोका दिला की एसटी थांबते, हे मला चालायला यायच्या आधीपासून माहीत आहे. चाकं फिरत होती. भिंत जागच्या जागी होती. तात्या माझ्या उत्तराची वाट बघत गाडी सावकाश चालवत होते.

मी ठोका दिला नाही.